सालींची पूड
धाकटी मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी करत होती. तिच्या प्रोजेक्टसाठी मी वाशीतल्या एका वेफरवाल्याकडून केळ्यांच्या साली पिशव्या भरभरून आणायचो. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या काळ्याठिक्कर होईपर्यंत वाळवायच्या, मग मिक्सरमधून पूड. कारखान्यांमागच्या नाल्याच्या पाण्यात धाकटी ती पूड ढवळायची आणि गाळलेलं पाणी कॉलेजात तपासायला न्यायची. एक दिवस आली ती हसतच. पाण्यातलं शिसं जवळजवळ गेलं होतं. माझा ऊर भरून आला.

गाळून उरलेली ओली पूड ती बाल्कनीत बरण्यांमध्ये ठेवायची. केळ्याच्या सालीचं खत उत्तम, असं मी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं. बरणी भरली की मी ती मेथीच्या कुंडीत रिकामी करायचो. थोरली तेव्हा बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती, सातवा महिना. बाजारच्या भाजीवर काय काय फवारतात कोण जाणे, म्हणून तिच्यासाठी घरची मेथी.

एका रविवारी जेवताना धाकटीने विचारलं, "बाबा, बाल्कनीतल्या बरण्या कुठायत?"

"कुंड्यांत ओतल्या. बघ ना, मेथी कशी तरारलीय."

तिचा घास हातातच राहिला.

"बाबा, पाण्यातलं शिसं गेलं कुठे, असं वाटलं तुम्हाला?" ती अगदी हळू म्हणाली. "त्या सालींतच गेलं ना."

मी थोरलीच्या ताटाकडे पाहिलं. भाजी निम्मी संपली होती. मी ताट ओढून घेतलं. थोरली आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. एक हात पोटावर.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासायला दिलं. कुंड्या मी मातीसकट पिशव्यांत बांधल्या आणि धाकटीने त्या कॉलेजात, विषारी कचरा ठेवतात तिथे नेऊन दिल्या. बरण्यांवर चिठ्ठी लावली नाही म्हणून ती स्वतःलाच दोष देत रडत होती. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. काळजीचं कारण नाही, डॉक्टर म्हणाल्या, फार काही पोटात गेलेलं दिसत नाही.

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," थोरली म्हणाली.

तिला मुलगी झाली, धडधाकट. सगळे नाक कुणासारखं यावर बोलत होते. मी मात्र तिला हातात घेऊन तिची नखं, ओठांचा रंग निरखत राहिलो.