सरकत्या जिन्याची तालीम

सकाळी मॉल रिकामाच असतो. तिथे परवा साठीच्या एक बाई सरकत्या जिन्याने सारख्या वर-खाली करताना दिसल्या. एका हाताने निऱ्या उचललेल्या, दुसऱ्या हातात बॅग. पहिल्या पायरीपाशी थबकायच्या, ओठ घट्ट मिटायच्या आणि मग पाय टाकायच्या.

मी बघतेय म्हटल्यावर हसल्या. "तालीम चाललीय हो. लेकीचं बाळंतपण आहे, परदेशात. इथून थेट विमान सुरू होणार होतं, पण दोन विमान कंपन्यांची जुंपलीय. एकीला परवानगी मिळाली, तर दुसरी म्हणते, तिलाच का? आता मला वाटेत विमान बदलावं लागणार. तिथे असले जिने फार, म्हणे."

"मग भांडण मिटेपर्यंत थांबा की."

"मी थांबेन. बाळ थांबणार आहे का?"

त्या भांडणाच्या बातम्या मीही चवीने वाचत होते. आकाशात कुठे एक रेघ नाही, पण कागदावर ती ओढायची म्हटलं की केवढे वकील लागतात! आणि इथे या बाई, बॅगेत तुरीची डाळ भरून आलेल्या; बॅग उघडून त्यांनीच दाखवली. लेकीसाठी न्यायच्या डिंकाच्या लाडवांचं ओझं आधीच अंगवळणी पडावं म्हणून! कुणाच्या परवानगीसाठी त्या अडून बसल्या नव्हत्या.

त्या पुन्हा जिन्याकडे वळल्या. या खेपेला थबकल्या नाहीत. वर पोचल्यावर त्यांनी मला हात केला, तोही निऱ्या सोडून.