अर्धी घरची, अर्धी रानाची

शेजारणी तिला 'डुकरांची डॉक्टरीण' म्हणायच्या. ती डॉक्टर नव्हती. जनावरांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. पण बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायला तेवढं पुरत असे. घरात सगळ्यांची ती थोरली. धाकटा भाऊसुद्धा तिला ताई न म्हणता 'थोरले' अशीच हाक मारायचा, आणि त्या हाकेत लाड असायचा.

रानात मेलेलं डुक्कर सापडलं की त्याची प्लीहा आणि कानाचा तुकडा डब्यातून तिच्या टेबलावर यायचा. प्लीहेवरून रोग कळतो, कानावरून कूळ. प्लीहा तिच्याकडे आणि कान शेजारच्या खोलीतल्या मॅडमकडे. या मॅडम रानडुकरांची घराणी मांडायच्या: कोणता कळप कोणाचा, कोण कुठून आलं. थोरली चेष्टेत म्हणायची, "आमच्याकडे मरणाचा दाखला, तुमच्याकडे सोयरीक."

धाकट्याचा डुकरांचा गोठा रानाच्या कडेला होता. त्याची एक युक्ती होती. डुकरीण माजावर आली की तो मागची जाळी हातभर उचलून ठेवायचा. रानातला नर यायचा आणि उजाडायच्या आत निघून जायचा. अशा संगातून झालेली पिल्लं काटक निघायची, सर्दीपडशाला दाद द्यायची नाहीत. ठिपकी नावाच्या त्याच्या लाडक्या डुकरिणीला पाठीवर पट्टे असलेली पिल्लं झाली, तेव्हा थोरली पोट धरून हसली होती. "बापाची सही घेऊनच आलीत की रे!" त्यातलं एक पिल्लू त्याच जाळीखालून रानात पळालं. "माहेर सोडून सासरी गेली," धाकटा म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

मग डुकरांचा ताप आला. माणसाला त्याचं काही होत नाही, पण डुकराला त्यावर औषध नाही. ओढ्याकाठी एक मादी मरून पडली होती. थोरलीच्या यंत्राने तिच्यात रोग दाखवला. दोन दिवसांनी मॅडम कानाचा अहवाल हातात घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ही पुरती रानाची नाही. अर्धी घरची आहे. कोणाची तरी डुकरं रानात मिसळताहेत. कोणाची ते कळलं नाही, तर खोऱ्यातला एकही गोठा वाचायचा नाही."

थोरलीने तुकड्याच्या डब्याकडे पाहिलं. पाठीवरचे पट्टे मोठेपणी राहत नाहीत, पण तिला ते दिसलेच.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. भावजय म्हणाली, "वन्सं, बसा, चहा टाकते." थोरली बसली नाही.

"जाळी आजच बंद कर. आणि उद्या तू स्वतःहून कळव."

"कळवून काय होईल, तुलाच ठाऊक."

"ठाऊक आहे, म्हणूनच सांगते. रोग तुझ्या गोठ्यात शिरला असेल, तर पुढे खालच्या आळीत जाईल. तिथं घरटी डुकरं आहेत."

"माझी जनावरं ठणठणीत आहेत. बघ ना! डोळे फुटले का तुझे?"

"डोळ्यांनी दिसत नाही रे तो."

"थोरले," तो जाळीला टेकून सावकाश म्हणाला, "तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे? आणि बोललीस, तर तू माझी कोणी नाहीस."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती घरी गेली, जेवली नाही. सकाळी मॅडमच्या खोलीत उभ्या उभ्याच तिने भावाचं नाव सांगितलं. ठिपकीच्या कानाचा तुकडा मागवला; तो जुळला. ती आई, ओढ्याकाठची लेक.

थोरलीने मोठ्या साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "आधी रक्त तपासू द्या, साहेब. मी आजच लावते."

"बाई, नियम तुम्हाला माहीत आहे. रोगी कळपाशी संबंध आला की जनावरं मारायची, वाट बघायची नसते. तुमचा अहवाल येईस्तोवर खोरं रिकामं होईल. सुक्याबरोबर ओलंही जळतं."

गोठा रिकामा झाला. पिल्लंसुद्धा गेली. ठिपकी शेवटपर्यंत धाकट्याच्या पायांशी घुटमळत होती, असं नंतर भावजयीने आईला सांगितलं आणि आईने थोरलीला ऐकवलं.

नमुने थोरलीच्याच टेबलावर आले. दुसऱ्या कुणाला द्या, असं म्हणायचा तिला धीर झाला नाही. एकेका नळीचा निकाल पडद्यावर येत गेला. रोग नाही. ठिपकीतही नाही. तिने सगळं पुन्हा लावलं. यंत्र बिघडलेलं असावं, अशी आयुष्यात पहिल्यांदाच तिने इच्छा केली. यंत्र चांगलं होतं.

मॅडम हळहळल्या. "अर्धी रानाची होती ती पिल्लं. थोडी जिवंत हवी होती हो, अभ्यासाला."

थोरलीने हातमोजे काढले आणि बाहेर जाऊन नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिली.

निकाल कागदावरून त्याला कळू नये, म्हणून ती स्वतः गेली. गोठ्यात पांढरा चुना पसरला होता. भावजयीने तिला पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं. धाकटा मागे जाळीपाशी बसला होता.

"होता?" त्याने मान न वळवता विचारलं.

"नव्हता."

त्याने जाळीची तार बोटाने ओढून सोडली. मग हसला. "कामात चूक नाही हां तुझी कधी."

"खालच्या आळीत अजून एकही डुक्कर दगावलेलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. पण तोंडातून बाहेर पडताच तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. मागची जाळी अजून हातभर उचललेली होती. तिच्याखालून आत आलेले खुरांचे ठसे चुन्यात उमटले होते. मोठे, खोल, ताजे. ते रिकाम्या कप्प्यापर्यंत गेले होते, तिथं गोल गोल फिरले होते आणि आल्या वाटेनेच परतले होते.

"जाळी का नाही रे बंद केलीस?" तिने विचारलं.

"आता कुणासाठी बंद करू?" धाकटा म्हणाला. "रोज येतो तो. ठिपकीला हुंगत हिंडतो." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "मी काय सांगणार त्याला? तुला सांगायची सवय आहे. त्यालाही तूच सांग."