पोळ्याचा रंग आणि काळी वायर

रोव्हर, म्हणजे आपोआप चालणारा चाकांचा रोबो, कपाशीच्या दोन ओळींमधून दहा-बारा फूट गेला आणि थांबला. कॅमेऱ्याजवळचा निळा दिवा विझला, मग पुन्हा लागला. म्हणजे आतला कॉम्प्युटर बंद पडून नव्याने सुरू होत होता. त्याला चाळीस सेकंद लागतात. चाळीस सेकंदांनी रोव्हर निघाला, चार फूट गेला आणि पुन्हा थांबला.

"पाहा," मधुकरराव म्हणाले. "लागली समाधी. म्याडम, तुमच्या बोर्डाले मिरगी येते."

तो बोर्ड मी डिझाइन केलेला होता.

मी अकोल्याला, जठारपेठेतल्या एका लहान इलेक्ट्रॉनिक्स फर्ममध्ये काम करते. छंद म्हणून रोबो बनवणाऱ्यांसाठी आम्ही सर्किट बोर्ड तयार करतो. हा पॉवर बोर्ड होता. रोव्हरच्या बॅटरीतून बारा व्होल्ट येतात. चाकांच्या मोटर्सना ते चालतात, पण रस्ता ओळखणाऱ्या कॉम्प्युटरला पाचच लागतात. बाराचे पाच करणं हे पॉवर बोर्डाचं काम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी एकटीने केलेलं हे पहिलं डिझाइन. सोमवारी पन्नास बोर्डांच्या फाइल्स फॅक्टरीत जाणार होत्या.

नमुन्याचा बोर्ड वापरून बघायला आमचे ग्राहक मधुकरराव यांना दिला होता; त्यांनी तो एकदा परत पाठवला होता. आमच्या टेबलवर तो दिवसभर न थांबता चालला. मी तो तसाच त्यांना पाठवला. चार दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन, शेतात बंदच पडतो म्हणून.

"टेबलवर चालतो आणि शेतात चालत नाही, म्हणजे लोड आला की कमी पडतो," आमच्या फर्मचे भूषण सर म्हणाले. "तुझं डिझाइन राहू दे. तयार मॉड्यूल टाकू."

"मी एकदा तिथे जाऊन बघते."

"शनिवारी जाऊन ये. पण बोर्ड चांगला आहे असं सांगायचं असेल तर आकडे घेऊन ये. नुसतं 'मला वाटतं' चालणार नाही."

म्हणून मी शनिवारी भातकुलीजवळच्या त्या शेतात उभी होते. मधुकररावांनी तीस वर्षं ट्रॅक्टरचं वायरिंग केलंय. रोव्हर हा त्यांचा छंद. बॅटऱ्या फवारणीच्या पंपाच्या, फ्रेम लोखंडी पट्ट्यांची. सगळ्या वायरी काळ्या टेपमध्ये इतक्या नेटक्या गुंडाळलेल्या की मला आमच्या ऑफिसमधल्या वायरींची लाज वाटली. फ्रेम झगझगीत हिरवी, त्यावर लाल पट्टे. पुढच्या पट्टीवर वाळलेलं कुंकू आणि चिकटवलेली बेगड. ते मी आल्याआल्याच पाहिलं होतं. विचारलं नाही. घरातल्या गोष्टींची चौकशी कशाला करायची, असं वाटलं.

मी व्होल्ट मोजायचा मीटर काढला. या मीटरमध्ये सर्वांत खाली गेलेला आकडा धरून ठेवायची सोय आहे. बॅटरीवर प्रोब, म्हणजे त्याच्या तारांची लाल आणि काळी टोकं, लावली. रोव्हर उभा असताना साडेबारा व्होल्ट. काळ्या ओल्या मातीत मोटर्स जोर लावतात तेव्हा अकरा पॉइंट नऊ. म्हणजे बॅटरी ठणठणीत.

मग बोर्डाच्या तोंडाशी मोजलं. उभा असताना जवळजवळ तेवढेच. मोटर्स सुरू झाल्या की सहा पॉइंट तीन.

माझ्या बोर्डाला किमान सात लागतात. सहा आल्यावर तो पाच देऊ शकत नाही आणि कॉम्प्युटर बंद पडतो. म्हणजे बोर्डापर्यंत पुरेसे व्होल्टच पोचत नव्हते. ड्रिपची नळी मध्ये कुठेतरी दबली की टाकी भरलेली असूनही झाडाला थेंब मिळत नाही, तसं.

नळी कुठे दबली ते शोधायचं होतं. प्लसची लाल वायर तपासली. फ्यूज बदलला. स्विच काढून वायर थेट जोडली. लाल बाजूला सगळं मिळून शून्य पॉइंट दोन व्होल्ट कमी होत होते. त्याने काही बिघडत नाही. बाकीचे पाच व्होल्ट कुठे गेले ते कळेना. यात तास गेला. मधुकरराव बांधावर बसून माझ्याकडे पाहत होते.

"काय शोधून राहिली, पोरी? दिसतच नाही तं चष्मा देऊ का माह्या?"

तेव्हा मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. "काका, बॅटरीची मायनसची काळी वायर बोर्डापर्यंत कुठून येते?"

"मायनसले वायर कायले पायजे? बॉडी आहे न."

ट्रॅक्टरमध्ये असंच असतं. करंट वायरीतून जातो आणि लोखंडी बॉडीतून परत येतो. निम्मी वायर वाचते. यात चूक काही नाही.

"पोळ्यालोक तं मस्त चालत होता," ते म्हणाले.

"पोळ्यापर्यंत? मग पोळ्याला काय केलं?"

उत्तर त्यांच्या बायकोने, शोभाकाकूंनी दिलं. त्या चहा घेऊन आल्या होत्या. "रंग देला यायनं. पूरा खोलून, एकेक पट्टी. म्या म्हटलं, घरी बैल नाहीत, तं ह्याचीच पूजा करू."

मी काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला लावला आणि लाल प्रोब बोर्डाच्या मायनसला. इथे आकडा शून्याच्या आसपास हवा. मधुकररावांना रोव्हर सुरू करायला सांगितलं. पाच पॉइंट चार. हरवलेले व्होल्ट सापडले.

"जोडांमध्ये रंग गेलाय," मी म्हटलं. "करंट परत यायला पुरेशी वाट नाही."

"असं कसं? ट्रॅक्टरबी रंगवलेलाच असते."

ते मीटरकडे पाहत राहिले. मग चहाचा कप खाली ठेवला.

"अर्थिंगच्या बोल्टाखाली रंग खरडा लागते," ते हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्षं लोकायले हेच सांगून राहिलो म्या."

"अन् घरचाच विसरले," काकू म्हणाल्या.

ते कानस आणायला उठले. काकूंनी अडवलं. पोळ्याचा रंग इतक्यात खरडायचा नाही. मग ट्रॅक्टरच्या सामानातून एक जाड काळी वायर निघाली. ती बॅटरीच्या मायनसपासून थेट बोर्डाला जोडली. बोर्डाच्या तोंडाशी आता अकरा पॉइंट सहा. रोव्हर ओळीच्या टोकापर्यंत गेला, स्वतः वळला आणि शेजारच्या ओळीतून परत आला. निळा दिवा एकदाही विझला नाही.

मी तिथूनच सरांना फोन केला.

"बोर्ड चांगला आहे. आकडे पाठवलेत."

"म्हणजे चूक त्यांची?"

मधुकरराव दोन हात अंतरावर उभे होते आणि टेप गुंडाळण्यात फार गुंतल्यासारखं दाखवत होते.

"अर्धी माझी," मी म्हटलं. "सूचनापत्रात मी काळ्या वायरीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ते घालते आणि मग फाइल्स पाठवू."

"सोमवारी सकाळी दे," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी माझं डिझाइन फॅक्टरीत गेलं. मायनसच्या स्क्रूजवळ एक ओळ छापायला जागा होती: 'काळी वायर थेट बॅटरीपासून.' सूचनापत्रात आता पहिला प्रश्न आहे: बिघाड होण्यापूर्वी काय बदललं? तो प्रश्न मी स्वतः शेतात पोचताच विचारला असता, तर तासभर वाचला असता. रंग तर समोरच दिसत होता.

मीटरला दोन प्रोब असतात. शेतात तो तासभर माझा संशय फक्त लाल प्रोबच्या बाजूवर होता.