मिठाच्या पाण्यातलं बियाणं

शेतीशाळेत त्यांना सगळे 'ढेकळे मास्तर' म्हणत, कारण त्यांच्या कोटाच्या खिशात मातीचं एखादं ढेकूळ हमखास सापडायचं. बायको धुण्याआधी खिसे उलटे करायची आणि म्हणायची, "अहो, अर्धं शिवार घरी आणलंत. उरलेलं उद्या आणा!"

पोरं धडाधड पास होत होती. पण शाळेच्या कुंपणापलीकडच्या शेतांत काडीचाही फरक पडत नव्हता. मास्तरांना ते बोचायचं. एका रविवारी तक्ते सायकलला बांधून ते जवळच्या वस्तीवर गेले आणि झाडाखाली तासभर बोलले. निम्मे लोक पेंगले. पुढ्यात बसलेली एक म्हातारी शेतकरीण मात्र टक्क जागी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला पीक झकास येतंय. मातीला येईल का?"

हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले, पण माणूस मोकळ्या मनाचा, तेही हसले. "एक पट्टा द्या, आजी. दाखवतो."

आजीही वस्ताद. तिने रस्त्याकडेचा सगळ्यांत नाठाळ पट्टा दिला.

पेरणीआधी मास्तरांनी घमेल्यात पाणी घेतलं, मीठ ढवळलं आणि अंडं सोडलं. ते बुडालं. आणखी मीठ टाकलं, तसं वर आलं; म्हणजे मीठ पुरेसं झालं. मग त्यांनी अंडं काढून भाताचं बियाणं ओतलं. पोचट दाणे तरंगले, भरीव तळाशी बसले.

आजी वाकून बघतच राहिली. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी हे फोल पेरत होते?"

तळचे दाणे साध्या पाण्यात धुऊन मास्तरांनी पेरले. शेजारच्या पट्ट्यात आजीने आपलं नेहमीचं बियाणं टाकलं.

भात पोटरीला आला तेव्हा दोन्ही पट्ट्यांतला फरक आंधळ्यालाही दिसला असता. येणारे-जाणारे थांबू लागले. मास्तर समजावायला सरसावले, तर आजीने त्यांना बांधावर बसवलं. "तुम्ही गप्प बसा. तुम्ही बोललात की लोक झोपतात."

मग घमेलं मांडून ती स्वतःच दाखवू लागली. कुणी शंका काढली की, "हात घाल ना पाण्यात, झिजणार आहेस का?" एकही माणूस पेंगला नाही. बांधावर बसल्या बसल्या मास्तरांना इतका आनंद झाला की, घरी जाताना ते सायकल तिथेच विसरले.

काही वर्षांनी शेतकी खात्याने शेतकऱ्यांपर्यंत नवं ज्ञान पोचवण्याचं काम मास्तरांकडे सोपवलं. त्यांनी पहिल्याच हुकमात व्याख्यानं बंद केली: शिकवायचं ते शेतात, आणि शक्यतो शेतकऱ्याच्याच तोंडून.

"मग तुमची माणसं काय करणार?" खात्याच्या साहेबांनी विचारलं.

"आधी ऐकणार, साहेब."

नव्या कर्मचाऱ्यांच्या पहिल्या तुकडीला शिकवायला मास्तरांनी आजीलाच बोलावलं. ती वर्गात आली आणि चकचकीत बुटांच्या रांगेकडे पाहून म्हणाली, "काढा ते. बाहेर चला."

वीस जण पँटी दुमडून तिच्यामागे चिखलात उतरले. सगळ्यांत मागे, चपला हातात धरून, मास्तर खदखदून हसत चालले होते.