मिसमॅच

रिया, काल साडीचा फोटो पाठवून तू विचारलंस, "आजी, ब्लाउज मॅच होतो ना?" आणि राजपुऱ्यातल्या माहेरची एक दुपार आठवली.

धाकट्या बहिणीला, सुधाला, बघायला निंबोल्याचे केळीबागवाले आले होते. मुलाच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. पोहे देताना मी बाबांना इंग्रजीत म्हणाले, "टोटल मिसमॅच." या लोकांना काय कळणार, असं वाटलं होतं.

त्याने बशी खाली ठेवली. "इंग्रजी मला पण येते, ताईसाहेब," म्हणाला आणि उठला.

आत सुधा रडत होती. "मला तर पसंत होता गं, ताई."

पुढे तिने लग्नच केलं नाही. त्याच्यात तिला काय दिसलं होतं, हे विचारायचं धाडस मला अजून होत नाही.