गच्चीवरचं नाताळचं भूत

गेल्या नाताळच्या संध्याकाळी आदर्श नगरात, आमच्या गच्चीवर, एक जुनं टीव्ही नाटक चालू असताना शेजारच्या घरातल्या थोरल्या भावाने निवृत्त रेल्वे गार्डच्या डोक्यात लोखंडी खुर्ची घातली. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो.

जमलेली सगळी नोकरीनिमित्त या परराज्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबं, बहुतेक रेल्वेतली. माझ्या मुलीने नेटवरून टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं एक इंग्रजी नाटक काढलं होतं. काळंपांढरं, थेट प्रक्षेपणात केलेलं. कुणी दार लावलं की अख्खी भिंत हलायची. गोष्ट एका कंजूष म्हाताऱ्याची. नाताळच्या आदल्या रात्री त्याचा मेलेला भागीदार साखळदंड ओढत त्याच्या घरी येतो. आवाज इतका खरखरीत होता की तो बंद केला आणि गार्डकाका नेहमीप्रमाणे माइकवर मराठीत गोष्ट सांगू लागले.

शेजारचं घर दोन भावांनी मिळून बांधलेलं. खाली थोरला, वर धाकटा. धाकटा दिवाळीच्या दोन दिवस आधी वारला. माझ्यामागे माझ्या बायकोला वरच्या मजल्यावरून हलवू नका, एवढंच तो इस्पितळात भावाला सांगत राहिला. थोरल्याला घर विकायचं होतं. दहाव्याला शहराबाहेर कानोत्याच्या धरणावर पिंड ठेवले, पण कावळे बाभळीवरून खाली उतरेनात. गुरुजी थोरल्याला म्हणाले, “शब्द द्या त्याला.” त्याने पाण्याकडे तोंड फिरवलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. नाताळच्या आदल्या दिवशी थोरल्याने वर जायच्या जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. धाकट्याची बायको, आमच्या वहिनी, आणि त्यांचा नोकरीला लागलेला मुलगा आमच्याकडे राहायला आले.

गार्डकाका दिवाळीपासून नागपूरला लेकीकडे होते. ते नाताळच्या सकाळीच परतले होते. दहाव्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीवर भूत आलं. त्याच्या अंगातून मागची खुर्ची दिसत होती.

“हा बघा, आला भागीदार,” गार्डकाका म्हणाले. “का आला? मतलब, ह्याच्या पिंडाला कावळाच शिवला नाही. हा कंजूष तिथं उभा, पण तोंडातून शब्द काढेना. आता बस भोगत, लेका.”

पोरं हसली. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही.

थोरला मागच्या रांगेतून उठला. “तुला कोणी शिकवलं हे बोलायला?”

“शिकवायचं काय त्यात? बसा भाऊ, अजून तीन भुतं यायचीत.”

खुर्चीचा पहिला घाव कानावर बसला. माइक चालू होता. हाड वाजल्याचा आवाज स्पीकरमधून आला. गार्डकाका खाली पडले तेव्हा थोरल्याने दुसरा घाव घातला, मग पोटात लाथा. मी त्याचा दंड धरला, तर त्याच्या कोपराने माझा ओठ फाटला. तेवढ्यात वहिनींच्या मुलाने थोरल्याला मागून मानेला धरलं आणि त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. परत आपटलं. भूत दोघांच्या पाठीवर हलत होतं. भिंतीला रक्त लागलं, एक दात गच्चीवर पडला.

“बोल,” मुलगा म्हणाला. “बाबांना नाही बोललास. आता बोल.”

“सोड त्याला,” माझी बायको म्हणाली. “मरेल तो.”

मुलाने गळा आणखी आवळला. थोरल्याचे डोळे वर गेले. “राहू दे तिला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “वर राहू दे. दिला शब्द.”

मुलाने हात काढला आणि आईकडे बघितलं.

वहिनी गार्डकाकांच्या कानावर पदर दाबून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “असा घेतलेला शब्द मला नको,” त्या म्हणाल्या. “दादा, जिना उघडा. सामान काढून नेते.”

थोरल्याने खिशातली किल्ली जमिनीवर टाकली.

गार्डकाकांच्या त्या कानाला आता ऐकू येत नाही. पोलिसांत कुणी तक्रार दिली नाही. वहिनी मुलाबरोबर शहरातच दुर्गापुऱ्याला भाड्याच्या घरात राहतात. घर अजून विकलेलं नाही. थोरला खाली राहतो, वरचा मजला रिकामा आहे. जिन्याच्या दाराला कुलूप नाही.