शीलामावशींची वही

"लिम्फोमा आहे," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच, "घाबरू नका." घाबरू नका म्हणणाऱ्या माणसावर माझा मुळातच विश्वास नाही. बावीस वर्षं शाळेत शिकवलंय, दहावीच्या वर्गावर पर्यवेक्षण केलंय. 'बाई, माझ्याकडे काही नाहीये' असं आपणहून सांगणाऱ्याच्याच मोज्यात चिठ्ठी सापडते.

लिम्फोमा म्हणजे आजाराशी लढणाऱ्या ग्रंथींचा कॅन्सर. या ग्रंथी मानेत, काखेत, जांघेत असतात. माझ्या मानेला सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती म्हणून मी दोन महिने अंगावर काढली. तुम्ही असला शहाणपणा करू नका.

मग बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. पेट स्कॅन झाला, म्हणजे आजार अंगात कुठवर पसरलाय ते बघणं. केमोच्या सहा सायकल ठरल्या. एक दिवस सलाइनमधून औषधं, मग वीस दिवस घरी. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतून परळचं हॉस्पिटल जवळच, तरी दिलीप, माझा नवरा, टॅक्सीच करायचा.

केमोच्या हॉलमध्ये पहिल्याच मंगळवारी शीलामावशी आल्या. साठीच्या पुढच्या, पांढरे केस, अंगात स्वयंसेवकांचा निळा कोट, बिल्ल्यावर नाव शीला गायकवाड. नाव वाचून मी आपली मोकळेपणानं "जय भीम" म्हटलं. त्यांनीही हसून "जय भीम" केलं. मला इतकं बरं वाटलं! आपलं माणूस भेटलं म्हणून मी घरचं सगळं सांगून मोकळी झाले.

मग त्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. तिथं वरळीचे एक गृहस्थ होते. त्यांना "सलाम" म्हणाल्या, डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून पुटपुटल्या. वाकल्या तशी गळ्यातली साखळी पुढे आली. तिला क्रूस होता.

अगं बाई, म्हटलं, फसवलं की हिनं! गायकवाड आमच्यात असतात, मराठ्यांत असतात, ख्रिस्ती लोकांतही असतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण भीतीत माणूस आडनावालाही मिठी मारतो. माझ्या वडिलांनी देव्हारा घराबाहेर काढला तो कायमचा. आता कॅन्सरच्या आडून येशू आत शिरतो की काय?

तेव्हापासून मी पाळत ठेवली. बाई नको तितक्या आनंदी होत्या. कुणाच्या नातीची चौकशी कर, कुणाच्या टकलाची थट्टा कर. माणसं हसायचीही. आणि प्रत्येक खुर्चीपाशी बसून झालं की एका लाल वहीत काहीतरी लिहायचं. मी बघतेय असं दिसलं की वही पटकन पिशवीत, आणि पिशवी पोटाशी घट्ट. माझी खात्रीच पटली. नावं टिपून घेतेय, दुबळी माणसं हेरतेय.

दिलीप म्हणाला, "तू संशय घ्यायला लागलीस म्हणजे तुला बरं वाटतंय."

बरं कसलं! दुसऱ्या सायकलनंतर केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा झोंबायचं. काउंट पडला, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. काउंट सुधारला तरी मी दिलीपला सांगून टाकलं, आता बास, मी जाणार नाही. डॉक्टरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "अर्धवट सोडलं तर गाठ परत येईल." मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मरण आलं तर येऊ दे, इतकी कंटाळले होते.

मंगळवारी सकाळी मात्र उठले आणि डोक्याला रुमाल बांधला. दिलीपला वाटलं, हिला जगायची उमेद आली. खोटं कशाला बोलू? डोक्यात एकच होतं, त्या वहीत काय आहे ते कळल्याशिवाय मी मरणार नाही.

तिसरी, चौथी, पाचवी सायकल अशीच गेली. ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी एक इंजेक्शन देतात, त्यानं गुंगी येते. मी झोपायचीच नाही. जागं राहायला घोट घोट पाणी प्यायची. नर्स शाबासकी द्यायची, कारण केमोतल्या लाल रंगाच्या औषधावर पाणी भरपूर प्यायचंच असतं. मावशी मात्र इतक्या महिन्यांत माझ्याजवळ देवाचं अवाक्षर बोलल्या नाहीत. हाही मला डावच वाटला.

सहाव्या सायकलला मी त्यांना रंगेहाथ पकडलं. वर्गात धरायची तसा हात पुढे केला आणि म्हटलं, "द्या इकडे."

त्यांनी गुमान वही दिली.

वरळीच्या गृहस्थांपुढे लिहिलं होतं, 'प्रार्थना आवडते, पण हळू आवाजात.' एका आजींपुढे, 'नातीचं विचारावं, सुनेचं नको.' मग माझं पान आलं.

'मंगल कांबळे. मला आपल्यातली समजली, म्हणून दुखावली. प्रभूचं नाव काढू नये. माझ्यावर नजर ठेवते तेव्हा सुई विसरते, पाणी पिते. वही तिला दिसेल अशा बेतानं लपवावी.'

मी दोनदा वाचलं. मग हसायला लागले, आणि हसता हसता रडायला आलं. त्या रडण्याची मला लाज वाटली नाही.

"माझ्यासाठी प्रार्थना केलीत?" मी विचारलं.

"घरी केली," त्या म्हणाल्या. "घरी तर तुझी हरकत नाही ना?"

हरकत होती. पण सांगितली नाही.

शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. मी होते तशीच आहे, बुद्धवंदनाच म्हणते, आणि संशय घेणंही सुटलेलं नाही. मावशींचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, आभार प्रभूचे मान. मी म्हटलं, ते जमणार नाही, तुमचेच घ्या. त्यांनी घेतले.

परवा तपासणीसाठी गेले होते. समोरच्या बाकावर एक नवी पेशंट होती. हातात जाडजूड फाईल, चेहरा पांढराफटक. मी सहज हसले, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ही बया कोण, हिला काय हवंय?

मी पर्समधून डायरी काढली, तिच्याकडे बघत दोन ओळी लिहिल्या आणि पर्स पोटाशी घट्ट धरली.